शाणी झाली म्हणे

रविवार, ४ मे २०२५

आज मुक्त विद्यापीठाच्या वर्गात सगळी माझ्यावर हसली. चांगलं हसली, वाईट नाही वाटलं.

मोना मॅडमनी स्वाध्याय दिलाय. वयात येण्याच्या गोष्टी असलेली तीन पुस्तकं वाचायची आणि मनात आलं ते लिहायचं. मॅडम सव्वीस वर्षांच्या, मी सहासष्ट. म्हणाल्या, "आज्जी, वयात येणं म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा." मी उभी राहून सांगितलं, "आमच्याकडं शाणी होणं म्हणतात."

मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मग ह्या वर्गात अजून कोणच झालेलं न्हाय, मॅडम."

बुधवार, ७ मे

पहिलं पुस्तक संपलं. एक पोरगा बापाशी भांडून गाव सोडतो, वीटभट्टीवर राबतो, दोन वर्षांनी परत येतो. आई त्याला बापाच्या शेजारी पाट मांडते. बास, एवढंच. तरी डोळे पुसायला लागले.

अवघड शब्दाला नात आहेच शेजारी. प्रिया बारा वर्षांची, पण मास्तरीण पक्की. शाळा सुटल्यावर किराणाच्या पुड्यांचे कागद तेवढे वाचलेली मी — जोडाक्षर आलं की अजून ठेच लागते. "अज्जी, घाई नको, सुट्टं सुट्टं वाच," म्हणते.

शुक्रवार, ९ मे

दुसऱ्या पुस्तकात मुलगी आहे. ती मोठी होते आणि घरचे रस्त्याकडची खिडकी बंद करतात. प्रिया पुस्तक उपडं ठेवून म्हणाली, "पोरगं घराभाईर जातंय आन मोठं होतंय. पोरगी मोठी होती आन घरात बसती. उलटं कसं गं?"

हे मला सुचलं नव्हतं. तिचंच वाक्य स्वाध्यायात उतरवलं.

पन्हाळ्याच्या निवासी शाळेची परीक्षा पास झालीय ती. वीस तारखेच्या आत फॉर्मवर तिच्या बापाची, अभिनंदनची, सही पाहिजे. माझा लेक म्हणतो, करतो की. मला तर ती डोळ्यासमोरून हलूच नये असं वाटतं. पण हे फक्त ह्या वहीला.

रविवार, ११ मे

वर्गाला गेले नाही. प्रिया शाणी झाली.

सोमवार, १२ मे

विहीणबाई कुरुंदवाडहून पहिल्या एसटीनं हजर. बाळाबाई म्हणजे वादळ! पिशवीत हिरवं लुगडं, खण, नारळ आणि तीळगुळाच्या चिगळीचे लाडू. "कंबरंला बळ येईल पोरीच्या, खा म्हणावं."

प्रिया पांघरुणात. "मी न्हाय बसणार पाटावर. सगळ्या बायका बघत बसणार."

"बघूदे की," बाळाबाई म्हणाल्या. "चोरी केलीयास व्हय?"

अभिच्या मित्रानं फोनवर विचारलं, चौकात फ्लेक्स लावूया का. सून आतनं ओरडली, "तुमच्या बारशाचा लावा आधी!" पांघरुणातनं खुदकन हसू आलं. तेवढ्यावर पोरगी उठली.

बुधवार, १४ मे

पाच सवाष्णींनी ओटी भरली. हिरव्या लुगड्यात प्रिया इतकी गोड दिसत होती! चिगळीचे चार लाडू खाल्ले. शेवटी आवडलं तिला, कबूल नाही करत.

जेवणं दिवस मावळायच्या आत उरकली. मग बाळाबाई सहज म्हणाल्या, "आता पन्हाळा बास झालं. शाणी पोर परक्या गावात ठेवत्यात व्हय?"

अभि उठला. फॉर्म देव्हाऱ्यावर होता, तो उचलून कपाटात टाकला.

प्रियानं लुगडं सोडलं, घडी घातली. रडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १६ मे

तिसरं पुस्तक उघडवेना. माझंच पान उघडतंय.

मी सातवीत. अप्पांनी गावभर सांगितलं, "आमची अंजना शाणी झाली." मला वाटलं, अक्कल आली म्हणतायत! दर वर्षी पहिला नंबर, मग म्हणणारच की. मग अप्पा म्हणाले, "शाणी झाली, आता शाळा बास." मी समजले, शिकायचं सगळं शिकून झालं. हिरवं लुगडं नेसून ऐटीत शाळेत गेले. "बाई, मी शाणी झाले. आता मला शाळा लागत नाही."

बाईंनी डोक्यावर हात ठेवला. मग वळून फळा पुसत राहिल्या. फळा कोराच होता.

खरा अर्थ कळला तो रानात भांगलताना, संगं भांगलणाऱ्या बनाबाईच्या बोलण्यातनं. मी तशीच बसले, हातात खुरपं. त्याला आता बावन्न-त्रेपन्न वर्षं झाली असतील. कुणाला सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

रविवार, १८ मे

आज अभिला गाठलं — म्हशीखाली बसलेला असताना. धार काढताना माणसाला उठून जाता येत नाही.

म्हटलं, फॉर्म काढ. तो म्हणाला, "अव्वा, दर महिन्याला तिथं कोण बघणार? पोट दुखलं तर कुणाला सांगणार ती? मला भ्या वाटतंय."

"मला पण वाटतंय. आपण दोघं मिळून भिऊया. तिला कशाला त्यात वढतोस?"

तो धार काढतच राहिला. मग मी त्याला शाळेतली ती गोष्ट सांगितली. बाई, फळा, सगळं. त्याचा हात थांबला. म्हशीनं पान्हा चोरला.

"आजवर का सांगितलं न्हाईस, अव्वा?"

"लाज वाटायची. एवढी हुशार पोरगी, आणि एवढा साधा शब्द कळला नाही."

दूध निम्मंच निघालं आज.

सोमवार, १९ मे

सही झाली. प्रिया फॉर्म घेऊन घरभर नाचली, मग मोरीत जाऊन रडली.

बाळाबाईंना फोन केला. म्हणाल्या, "तुमचं काय बाई, शिकलेल्या बायका तुम्ही!" टोमणा होता. पण मला जन्मात पहिल्यांदा कुणी शिकलेली म्हटलं.

रविवार, १५ जून

प्रियाला सोडून आलो पन्हाळ्याला. ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "जावा आता. मी ऱ्हातो." वळूनसुद्धा बघितलं नाही.

 आमच्या उचगावात शिरताना सून म्हणाली, आता ताटं चार नकोत मांडायला.

मंगळवार, १७ जून

तिसरं पुस्तक एकटीनं वाचलं. सुट्टं सुट्टं.

रविवार, २२ जून

सकाळी शाळेतनं फोन. प्रिया हुंदके देत होती. "चुकलो मी, अज्जी. न्ह्यायला ये. आत्ताच्या आत्ता."

अभिनं गाडीची किल्ली उचलली. सून पायात चप्पल घालून दारात.

मी फोनवरच तिला म्हटलं, "न्हाय. पुढच्या रविवारी येतो. पण भेटायला. न्यायला नाही." त्या पोरीला आजवर कशालाच न्हाय म्हटलं नव्हतं.

फोन ठेवला आणि अभिच्या हातातनं किल्ली काढून घेतली. आता संध्याकाळ झाली. अजून माझ्याच मुठीत आहे.