जुन्या डांबराची कढई

बाबा, काल आमच्या गल्लीत गच्चीवर कोणीतरी डांबर तापवत होतं आणि मी हातातलं काम सोडून उभाच राहिलो. लांबूनच वासावरून कळलं की आच जास्त झाली. हे तुमच्याकडून आलेलं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मला आवडणाऱ्या खामगावच्याच एका मुलीबद्दल अकोल्याच्या कॉलेजात एक जण वाकडं बोलला म्हणून मी त्याला खुर्ची फेकून मारली होती आणि काढून टाकायच्या आत स्वतःच खामगावला निघून आलो होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला, जिथं मिस्त्री होतात त्या कापसाच्या जिनिंगच्या छपरावर नेलं, हातात खुरपं दिलं आणि म्हणालात, "राग हाय ना अंगात? मंग सोल हे."

छपरावरचा जुना डांबरी कागद फुटून त्याचे पोपडे निघाले होते. दुसऱ्या कोणी तो उकिरड्यावर फेकला असता. तुम्ही त्याचे तुकडे करून उन्हात वाळवायचात, कढईत वितळवायचात, जाळीतून गाळायचात. गाळलेलं डांबर परत छपराला लागायचं, जाळीवरची खडी फाटकातल्या गाड्यांच्या चाकोऱ्यांत भरली जायची, राहिलेल्या चिंध्या त्याच कढईखाली जळायच्या. दोन बोटांत डांबराचा थेंब ताणून, तार किती लांब निघते ते पाहून तुम्ही मुरलं की नाही सांगायचात. मी मनातून हसायचो, आणि पाहतही राहायचो. एकच नियम होता. प्रत्येक तुकडा आधी तापल्या पत्र्यावर टेकवायचा, चरचरला तर ओला. "अबे, पाहून नको टाकू, ऐकून टाक. पानी गेलं आत तं कढई उतू येते."

एक दिवस ती मुलगी दुपारच्या गाडीनं जाणार होती, जळंब जंक्शनला आणि तिथून पुढे, कायमची. लग्न ठरलं होतं तिचं. कढई संपवल्याशिवाय तुम्ही मला स्टेशनवर सोडणार नव्हतात. पाण्याच्या टाकीखालच्या कोपऱ्यातले तुकडे मी पत्र्यावर टेकवले, ते चरचरले, आणि वाळवत बसायला वेळ नाही म्हणून मी तसेच टाकले. ढीगच्या ढीग. फेस वर आला, काठावरून सांडला, खाली जाळ भडकला. मी बादली उचलली तर तुम्ही ओरडलात, "पानी नको बे! माती टाक, माती!" आणि मला मागं ढकलून स्वतः झाकण लावलं. उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

मॅनेजर धावत आला. "मिस्त्री, म्हातारा झाला तू. हे भंगार शिजवणं बंद. डांबराची नवी पिंपं मागवतो."

तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "तुकडे म्याच टाकले, साहेब. ध्यान नव्हतं माह्यं. पर छप्पर पुरं करू द्या. गळलं तं मले काढा."

डाव्या हातानं तुम्ही ते छप्पर पुरं केलं. मी गाळत होतो, तुम्ही ओतत होता, आणि आठ दिवसांत माझ्याकडं एकदाही दोष दिल्यासारखं पाहिलं नाही. त्या पावसात रुईच्या एकाही गाठीवर थेंब पडला नाही, आणि मॅनेजर पिंपांचं नाव विसरला. असा कारागीर आणि असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हे आईला वाचून दाखवीन म्हणून लिहायला बसलो होतो. आता नाही दाखवत, घडी करून ठेवतो. कारण तुमच्या हाताची कातडी सुटलेली दिसली तेव्हा, बाबा, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की गाडी गेली.