जुहरिया

४ मार्च
पोचले एकदाची! बदाम फुललेत, दवाखान्यामागेच माझी खोली, आणि झाडलोट करणाऱ्या यामनाखालांनी चहा पाजून पाजून पोट तट्ट फुगवलंय. आमच्या तांजा शहरातली माणसं उगीच म्हणत होती की डोंगरात नर्स म्हणून जाणं ही शिक्षा आहे.

आज तौदा नावाची बाई चार वर्षांच्या इत्तोला घेऊन आली. जन्मापासून पोरीच्या डाव्या डोळ्याची बाहुली खाली ओघळलेली, थेट कुलपाच्या भोकासारखी. क्वचित एखाद्याच मुलाला असतं असं. उजेड जास्त शिरतो, म्हणून उन्हात मान खाली घालून चालते. नजर तपासली तर चांगली निघाली. इतका आनंद झाला की भरल्या दवाखान्यात मोठ्यानं म्हणाले, "अगं, जुहरिया आहे तुझी लेक!" आमच्याकडे नशीबवान पोरीला म्हणतातच तसं. तौदानं पोरीचं तोंड ओढणीनं झाकलं आणि निघूनच गेली.

६ मार्च
यामनाखालांनी चांगलंच झापलं. इथे जुहरिया म्हणजे जमिनीतलं धन दिसणारं मूल. धनावर जिन्न बसलेले असतात, अशा मुलाचं रक्त सांडलं की उठून धन सोडतात म्हणे! ही पोर सारखी जमिनीत काय बघते, अशी कुजबुज आधीच होती. त्यात शिकलेल्या बाईनंच शिक्का मारला. जीभ झडो माझी! पण अरे दगडांनो, उजेड सोसत नाही म्हणून खाली बघते ती!

दुपारी गावात तावीज-मंत्र करणारा फकीह बराहीम भेटीला साखरेचा सुळका घेऊन हजर. पोरीला नुसतं 'बघायचं', दुआ द्यायला. सुळक्यासकट हाकलला मेल्याला.

९ मार्च
मुकद्दम हा गावातला सरकारी माणूस. त्याच्याकडे तक्रार केली. दात काढत म्हणाला, बाई, नाव तर तुम्हीच ठेवलंत, गावानं काय केलं? टेकडीवर नवा खड्डा खणलाय. विचारलं तर म्हणे विहीर. टेकडीच्या माथ्यावर विहीर! मला काय खुळी समजतात?

११ मार्च
तौदा आली. नवरा दूर कासाब्लांकात. म्हणाली, बाई, हा डोळा फोडून टाका. डोळाच नसला तर पोर त्यांच्या कामाची नाही, जगेल तरी. चांगला दिसणारा डोळा! मी तिच्यावर ओरडले, मग तिलाच धरून रडले. उद्या इत्तोला इथून दूर, अगादीर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेते. मुकद्दमच गाडी देतोय. लाज वाटली असेल.

१२ मार्च, गाडीत
इत्तो मांडीवर. तौदाला चढू दिलं नाही, जागा नाही म्हणे. मागचं अख्खं बाक रिकामं आहे!

डांबरी रस्ता सुटला. ड्रायव्हर म्हणतो जवळची वाट —

टेकडी. तीच. धुपाचा वास. फकीह, आणि मुकद्दमही — हरामखोर!

ड्रायव्हर उतरून पळाला. किल्ली नेली. दारं आतून लावलीत मी. फकीह काचेशी येऊन गोड गोड बोलतोय — बाई, तुम्हीच तर ओळखलंत, पहिला हिस्सा तुमचा —

माझा हिस्सा! माती पडो तुझ्या तोंडात —

काच फुटली. इत्तोनं माझी ओढणी घट्ट धरलीय. या, मेल्यांनो, बोटं तोडा माझी, पण पोर —