फाटक्या पडद्याचा स्पीकर

आबा, तुमचे दोन्ही स्पीकर आज टेम्पोत घालून पासलीहून नसरापूरला आणले. नोकरी लागल्यावर इथं भाड्याने दोन खोल्या घेतल्या, आई आता माझ्याजवळ असते. घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून काका, तुमचे भाऊ, म्हणाले, नवे घे. मला हेच हवे होते. आईला विचारलं तर म्हणाली, "आन. पन कुठं ठिवायचं ते म्या सांगन."

बाकी सगळं तुमच्याच पद्धतीने केलं. खाली विटा, त्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, भिंतीपासून हातभर पुढे, कारण पावसात भिंती ओल धरतात. लाल वायर लालला, काळी काळीला. एक उलटी झाली की आवाज पोकळ होतो. कागदी पडद्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडायची, बोट लावायचं नाही. लहानपणी मी एकदा लावलं, तर तुम्ही ओरडला नाहीत. हळूच म्हणालात, "त्याला लागतं, बाय." माणसाला लागतं, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं का?

कारण आईला मारायच्या आधी तुम्ही गाणं लावायचात. हात पँटला पुसून, मग बटण सावकाश फिरवून. भांडी थरथरायला लागली की पट्टा काढायचात. मी भाताच्या कणगीमागे उभी. आईचं तोंड उघडलेलं दिसतं आहे, ऐकू मात्र गाणंच येतं आहे. आळीला वाटायचं, आज ह्या घरात आनंद आहे. शेजारची काकू परसातून हाक मारायची, "भावजी, मघाचं झ्याक हुतं, परत लावा की." आणि तुम्ही एका हातात आईचे केस धरून दुसऱ्या हाताने ते परत लावायचात.

भातकापणीचे दिवस होते. आई शेतातून उशिरा आली, भाकरी झाली नव्हती. तुम्ही गाणं लावलंत आणि तिच्या कमरेत लाथ घातलीत. ती स्पीकरपाशी पडली, विळा अजून हातात. दुसरी लाथ बसायच्या आत तिने विळ्याचं टोक डाव्या स्पीकरच्या पडद्यात खुपसलं आणि खाली ओढलं. गाण्याची घरघर झाली. तिने वायरी उपटल्या. तुमची लाथ तिच्या तोंडावर बसली, आणि आईची किंकाळी पहिल्यांदा घराबाहेर गेली.

काकू कपडे धूत होती. हातातल्या धोपटण्यासकट दारात आली. आईच्या ओठातून हनुवटीवर रक्त उतरत होतं.

"भावजी, म्या इतकी वर्सं ह्या मारावर गानी लावाया सांगत हुते व्हय?"

"घरातली गोष्ट हाय. तुमी जावा."

तुम्ही आईवर पुन्हा हात उगारलात. काकूने धोपटणं तुमच्या मनगटावर घातलं. हाड मोडलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. घर तेवढं शांत होतं.

पुढे हात प्लास्टरमध्ये असताना तुम्ही डाव्या हाताने पातळ कागद आणि डिंक लावून पडदा सांधत बसलात. डोळ्यांत पाणी. "पडद्यावर इळा चालवतं का कुनी?" समोर आई वाटीने पेज पीत होती, कारण ओठाला टाके होते. त्यानंतर तुम्ही कधी हात उगारला नाहीत असं नाही. पण आई दार लावू द्यायची नाही, आणि संध्याकाळी काकू आमच्या उंबऱ्यावर येऊन भाजी निवडत बसायची. तुम्ही वारेपर्यंत तिने तो उंबरा सोडला नाही.

आज आईने स्पीकर दाराशेजारी ठेवायला लावले. मी म्हटलं, पडदा नवा मिळतो, बसवून घेऊ. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "आवाज लई झाला की त्यो घरघरतो. कळतं आपल्याला." मग मी बटणाकडे हात नेला. नेण्याआधी तो कुर्त्याला पुसला. आई बघत होती. ती भिंतीकडे सरकली. मी हात मागे घेतला. गाणं तिनेच लावलं, बेताच्या आवाजात, दार उघडं ठेवून.

हे पत्र कुठं पाठवणार? कॉलेजात मी भाषणांत म्हणायचे, घरं बदलतात, आणि आजही मी ते मानते. पण एक सांगायचं राहिलं. आवाज चांगला लागलाय, आबा. मला आवडला. हे मी आईला सांगितलेलं नाही.