किल्लेदाराचा डावा हात

वणी,
२ एप्रिल १९६२

आदरणीय बळीराममामा यायले भाचा देवरावचा मानाचा जय भीम.

तुमचा गुडघा आता काय म्हणते? मामीनं सांगतलेला एरंडाच्या पानाचा शेक चालू ठेवा, डॉक्टर काहीही म्हणो. इकडं मी खुशाल आहे. (दिवसभर शाळेत शुद्ध बोलून बोलून जीभ आखडते, म्हून तुमाले घरच्या बोलीत लिहून राह्यलो. मास्तर असून असा लिहिते म्हून नाव ठेवू नका.)

तुमी हेडमास्तराजवळ शब्द टाकला म्हून मी इथं लागलो, पण नोकरी एका वर्षाच्या बोलीवर. डिप्टीसाहेब तपासणीले येणार, वर्गाले सवाल पुसणार, शेरा चांगला पडला त मी कायम, नाही त बाबाच्या संगं राजूरच्या खाणीत. म्हून मी यंदा जिवाचं रान केलं. नववीले वेढा पडलेल्या किल्ल्याची एक ऐतिहासिक कादंबरी लागली आहे. त्यात इतिहास किती अन् लेखकाच्या मनचं किती, हे पोट्ट्यायले समजावता समजावता मलेच घाम फुटे. तेवढ्यात जत्रेत टुरिंग टाकीचा तंबू लागला, अन् सिनेमा कोणता, त त्याच कादंबरीवरचा. आंधळा मागते एक डोळा, देव देते दोन. (म्हण आहे म्हून लिहिली, मामा. देवाकडं गेलतो असं समजू नका.) अख्खा वर्ग घेऊन गेलो.

तंबूतली बसायची रीत तुमाले माहीतच आहे. मधात पडदा, मशीनकडच्या बाजूले माणसं, पडद्यामागच्या बाजूले बाया. पोट्टे माह्यासंगं इकडं बसले, पोरी तिकडं गेल्या. सिनेमाचं काय सांगू? किल्ल्यात खायाले दाणा नाही, अन् किल्लेदारीणबाई दर गाण्याले नवं लुगडं नेसते. त्यातच मशीनवाल्यानं रिळं आगंमागं लावली (त्याच्या सासरची मंडळी आलती म्हणे, तिकडंच ध्यान), म्हून किल्लेदार पहिले मेला अन् मंग त्याचं लग्न लागलं. माह्या बाजूचा म्हातारा पडद्यामागच्या बायकोले ऐकू जात नाही हे पाहून म्हणे, आगंमागं झालं, पण दोनही गोष्टी एकच.

सोमवारी डिप्टीसाहेब आले. बसल्या बसल्या त्यायनं पुसलं, शेवटच्या लढाईत किल्लेदारानं तलवार कोणत्या हातात धरली? मी मनात म्हटलं, सुटलो. पोट्टे एका आवाजात म्हणाले, "उजव्या." साहेबाचं तोंड एरंडेल पेल्यावानी झालं. तेवढ्यात पंचफुला उठली. ही पोरगी हेडमास्तरालेही भीत नाही. म्हणे, "डाव्या, साहेब." मागून साऱ्या पोरी, डाव्या, डाव्या. पोट्टे हासाले लागले. मी तिले डोळ्यानं दटावून राह्यलो, बस म्हून, अन् पोरगी बसेच ना. मले त वर्गातच खाण दिसाले लागली.

पण साहेब खुर्चीतून उठले. कादंबरीत म्हणे किल्लेदाराचा उजवा हात तिसऱ्या प्रकरणातच तुटते अन् मंग तो डाव्या हातानं लढते; सिनेमावाल्यायनं मात्र नटाचे दोनही हात शाबूत ठेवले. साहेबानं पोट्ट्यायले झापलं, तुमी नुसता सिनेमा पाह्यला, पुस्तक वाचलं थे या मुलींनी. अन् शेरा मारला, शिक्षकास कायम करावे. मामा, खोटं कायले सांगू, मले रडू आलं. तुमचा शब्द राह्यला. माय राजूरात घरोघरी गूळ वाटून राह्यली.

मामीले जय भीम सांगा.

तुमचा,
देवराव

ता. क. साहेब गेल्यावर मी पंचफुलाले पुसलं, बाई, तू कादंबरी कवा वाचली? म्हणे, "कायले वाचू, गुरुजी? आमी पडद्यामागं बसलो होतो. तिकडून सारं उलटं, उजवं थे डावं दिसे. किल्लेदार अख्खा सिनेमाभर डावखुरा होता." हे तुमच्याजवळच राहू द्या.

आणखी एक ता. क. आता खरं काम. साहेब इतके खुश झाले का पुढच्या महिन्यात मले यवतमाळले, जिल्ह्यातल्या मास्तरायसमोर, याच कादंबरीवर धडा घ्याले बोलावलं. मी हो म्हणून बसलो. तवा तुमच्या वाचनालयातून थे पुस्तक काढून वणीच्या यष्टीच्या ड्रायव्हरजवळ लवकर धाडा. (शाळेत एकच प्रत. हेडमास्तराच्या घरच्या बाई वर्षभरापासून दुपारच्या उशाशी घेऊन निजतात. मले अजून पहिलं पानही दिसलं नाही.) पुस्तक मामीच्या नावानं काढा, माह्यासाठी आहे हे कोणाले समजू नये. नाहीच भेटलं, त तो तंबू आता कोण्या गावच्या जत्रेत आहे, एवढं पुसून कळवा. यावेळी मी बायायकडं बसतो.