कागद दाखवा, मग आत या

७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरा आहे’च्या पलीकडे बोलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनींनी सगळं सांगितलं. पोलीस तुझ्या घड्याळांच्या दुकानात घुसले, चोरीचा माल शोधायचा म्हणून खण उपसले. झडतीचा हुकूम कुठाय, एवढंच तू विचारलंस, तर एकाने तुझा उजवा हात पाठीमागे पिरगाळला. माल तर सापडला नाहीच!

तू कोर्टात जाणार म्हणतोस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्याकडे सगळे बजावतात. मला मात्र बाबांचं टेबल आठवत राहिलं. डोळ्याला भिंग लावून ते इवलाली चाकं बसवायचे आणि आपण दोघं हे काय, ते का, करून त्यांचं डोकं उठवायचो. तुझ्या ‘का’ला तर अंतच नसे. पण बाबा कधी खेकसले नाहीत. हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचे. अशा घरात वाढलेला माणूस विचारणारच की रे.

मनगट दाखवलंस का? बहीण नर्स असून तिचा फुकटचा सल्लाही घ्यायचा नाही, हा तुझा जुनाच रोग.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण लिही.

तुझी,
चिंगी


२ नोव्हेंबर

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं दिसेल. तुझं तर हात धड असून असंच आहे!

मनगटाचं मोडलेलं हाड जुळलं, पण चिमटा धरला की हात थरथरतो. दुरुस्तीला आलेली मनगटी घड्याळं आता परत पाठवतो, भिंतीवरची तेवढी ठेवून घेतो. मध्यंतरी पोलीस ठाण्यातून निरोप आला, की तक्रार मागे घ्या, आत बोलावून माफी मागू. मी जवळजवळ हो म्हणणार होतो, दमलो होतो गं. तुझी वहिनी कडाडली, की चारचौघांत पिरगाळलेल्या हाताची माफी कोपऱ्यात कसली!

काल साक्ष झाली. समोरच्या वकिलाने विचारलं, पोलिसांना उलट प्रश्न करायची गरजच काय होती? मी म्हटलं, वडिलांच्या हाताखाली शिकलो, तिथे विचारल्याशिवाय पुढचं चाक हातात मिळत नसे. कोर्टात हशा पिकला. मला मात्र बाबा आठवले.

मुलांना पापे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल पेपरात वाचला! हुकूम नाही, तशी निकडही नाही, म्हणून झडती बेकायदेशीर. आणि प्रश्न विचारणं म्हणजे विरोध करणं नव्हे, म्हणून बळ वापरायला कारणच नव्हतं. मी वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्या सिस्टर ओरडायचं सोडून ऐकत उभ्या राहिल्या.

बाबा असते तर नुसते भिंग पुसत बसले असते. फार आनंद झाला की ते तेच करायचे, आठवतं?

आनंदात आणि घाईत,
चिंगी


११ जुलै

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

निकालाने मनगट काही सरळ झालं नाही. सकाळी टेबलाशी बसलो की अजून हात चिमट्याकडे जातो, मग मागे घेतो. पण काल काय झालं ते तुला सांगायलाच हवं.

दुकानामागची खोली मी एका व्यापाऱ्याला भाड्याने दिली आहे. तिची वाट दुकानातूनच, म्हणून झडती घ्यायला पोलीस माझ्याच दारात आले. पण ते उंबऱ्याबाहेर थांबले. त्यांच्यातल्या मिशाळ फौजदाराने कागद पुढे केला आणि म्हणाला, की आधी वाचून घ्या. चष्मा सापडेना, तर तोही शोधू दिला.

कागद हातात घेतला आणि हात थरथरायला लागला. अक्षरं नाचू लागली, एक ओळ धड लागेना. तेव्हा त्या फौजदाराने कागदाची दुसरी कड धरली. कागद स्थिर झाला. मी सावकाश, खालच्या सही-शिक्क्यापर्यंत वाचला. तोवर त्याने कड सोडली नाही.

मग मी बाजूला झालो आणि त्यांना आत या म्हटलं.

सवड काढून ये. वहिनी वाट पाहते, मीही.

तुझा,
दादा