बाबांच्या खाणीतला कोळसा

विद्यानगर, हैदराबाद

ती. आईस लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. मेसचा पप्पू-भात, म्हणजे इथला वरणभात, आता अंगी लागतोय. तुझा गुडघा कसा आहे?

तू पाठवलेल्या कोळशावर इन्फ्रारेड प्रकाश सोडून त्यात उष्णता किती, ते शोधत होते. पण यंत्रात कोळशाबरोबर साबणही दिसतोय. सरांपुढे मळकी वस्तू नको म्हणून तू तो धुतलास, असं दादा म्हणाला. मनाला लावून घेऊ नकोस.

खाण बंद पडून पाण्याने भरली, आता तिथला दुसरा कोळसा मिळायचा नाही. सगळं काम वाया गेलं. सरांना अजून सांगितलेलं नाही.

बाबा गेले त्या दिवशीचा त्यांचा सदरा खुंटीलाच आहे ना? खिशात थोडी भुकटी असेल. तोही धुतला नाहीस ना, आई?

तुझी,
त्रिवेणी