आम्लाच्या बाटल्यांची लोकरीच्या बंड्यांतून सुटका होणेबाबत

प्रति,
मा. उपनियंत्रक,
धोकादायक माल पॅकिंग मान्यता शाखा,
रस्ते वाहतूक नियंत्रण कार्यालय.

अर्जदार : पॅकिंग विभागप्रमुख, आम्ल कारखाना.

विषय : चार बाटल्यांच्या खोक्याच्या मान्य पॅकिंगमधून हातविणीच्या बंड्या वगळणे, त्यासाठी फेरचाचणीची तारीख अलीकडे आणणे व मूळ बंड्या परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या शाखेचे मान्यता प्रमाणपत्र. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. ३) त्या तिन्ही अर्जांना आलेले एकच उत्तर.

महोदय,

१. अर्जदार हा धातू धुण्याचे आम्ल तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात पॅकिंग विभागाचा प्रमुख आहे. विभागात सात बायका, एक टेप लावायचे यंत्र आणि अर्जदार असा सरंजाम असून, यांपैकी कोण बंद पडल्यावर काम अडते याचा अर्जदाराने कधी खोलात शोध घेतलेला नाही. आम्ल काचेच्या मोठ्या बाटल्यांत भरून, एका खोक्यात चार बाटल्या, असे रस्त्याने पाठवले जाते. असे खोके आपल्या शाखेच्या चाचणीत उतरल्याशिवाय ट्रकवर चढत नाही, आणि चाचणीच्या दिवशी ते जसे भरले होते तसेच पुढे कायम भरावे लागते, हा नियम अर्जदारास तोंडपाठ आहे. तोंडपाठ असणे आणि वेळेवर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढील हकिकतीवरून आपल्या ध्यानात येईलच.

२. पहिल्या चाचणीत आमचे खोके उंचावरून तळावर, माथ्यावर आणि बाजूंवर पाडले असता निमूट राहिले. कोपऱ्यावर पाडताच मात्र आतून असा आवाज आला की चाचणी अधिकाऱ्यांनी खोके उघडून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. बाटल्यांत त्या दिवशी नुसते पाणी असल्यामुळे नुकसान झाले ते अर्जदाराच्या बुटांचे आणि अब्रूचे. पुठ्ठ्याचे कप्पे बाटल्यांना किंचित सैल होत होते, एवढेच कारण होते. मालक म्हणाले, “तुला बाटल्या भरायला सांगितल्या होत्या, खुळखुळा करायला नाही.” दुसऱ्यांदाही नापास झालो तर ट्रक उभे, आणि ट्रक उभे तर त्या सात बायकांना घरी बसवावे लागेल, हेही त्यांनी सांगितले. अर्जदाराचे नाव त्या यादीत आठवे होते. ते त्यांनी उच्चारले नाही, नुसते पाहिले.

३. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सकाळी अर्जदार घरून निघताना त्याची नजर पत्नीच्या विणकामाच्या पिशवीवर गेली. अर्जदाराच्या मुलीला दिवस गेले असल्याने पत्नीने येणाऱ्या बाळासाठी चार बिनबाह्यांच्या बंड्या विणून ठेवल्या होत्या : एक पिवळी, एक हिरवी, एक पांढरी, एक आकाशी, पुढे दोन बटणे आणि छातीवर एक बदक. तान्ह्या बाळाची छाती आणि आमच्या बाटलीचे पोट यांचा घेर जवळपास सारखा भरतो, हा शोध आयुष्यात अर्जदाराच्या हातून लागलेला एकमेव शोध होय. त्याने बंड्या कोणालाही न विचारता उचलल्या, चाचणीच्या खोलीत चारही बाटल्यांना घातल्या, बटणे लावली आणि कप्प्यांत बसवल्या. घट्ट बसल्या. काम झाले की धुऊन गुपचूप पिशवीत ठेवू, असा विचार होता. अर्जदार ज्याला विचार म्हणतो त्याची धाव साधारण इतकीच असते.

४. खोके पाचही वेळा पडले आणि एकही बाटली तडकली नाही. चाचणी अधिकारी हे अत्यंत बारकाईने काम करणारे गृहस्थ आहेत. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही, असे त्याने घरी अनेकदा मोठ्याने म्हणून पाहिले आहे. त्यांनी प्रमाणपत्रात लिहिले : ‘आतील आवरण : हातविणीची लोकरी बंडी, बिनबाह्यांची, पुढे दोन बटणे, छातीवर बदक, चार बाटल्यांस चार रंग.’ मूळ बंड्या नमुना म्हणून मोहोरबंद कपाटात ठेवल्या. अर्जदाराने प्रमाणपत्रातला ‘उत्तीर्ण’ हा शब्द तेवढा वाचला आणि सर्वांना चहा पाजला.

५. त्यानंतरचा पहिलाच ट्रक तपासणी नाक्यावर अडला. आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे ‘सबुरी’ म्हणतात, त्यांनी फोन केला : “साहेब, इथले साहेब विचारतायत, बाटल्यांच्या अंगात कपडे का नाहीत?” अर्जदाराने विचारले, कसले कपडे? “ते म्हणतात, कागदावर बदक आहे. बदक दाखवा नाहीतर गाडी मागे घ्या.” गाडी मागे आली.

६. आता पत्नीस सांगणे भाग होते. अर्जदाराने प्रमाणपत्र जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला. ती वाचून म्हणाली, “म्हणजे मी आता तुमच्या बाटल्यांची आजी?” तिसऱ्या दिवशी तिने लोकर मागवली. “तुमच्यासाठी नाही. त्या सात जणींसाठी,” असे तिने स्पष्ट केले, ते येथे मुद्दाम नमूद करत आहे.

७. तेव्हापासून आमच्या कारखान्याचे उत्पादन आम्लाच्या टाकीवर अवलंबून नसून पत्नीच्या बोटांवर आहे. विभागातील बायकांनी हातभार लावला. पण त्यांची वीण टेपने खोकी आवळण्याच्या सवयीची असल्याने बंडीत बाटली शिरेना. ड्रायव्हर सबुरी नाक्यावरच्या रांगेत बसून विणायला शिकले. त्यांची वीण चांगली आहे, पण त्यांचे बदक सर्वांना कोंबडी वाटते, आणि नाक्यावर त्यावरून वाद झाला. अर्जदारानेही एक बंडी विणली. ती बाटलीला, बाळाला किंवा आजवर पाहण्यात आलेल्या कोणत्याही वस्तूला बसत नाही. बायकांनी त्या बंडीने टेपचे यंत्र झाकले आहे. यंत्रावर बनवलेल्या तयार बंड्या आणाव्यात, तर ‘हातविणीची’ हा शब्द आडवा येतो.

८. गिऱ्हाइकांचे म्हणाल, तर भांड्यांना मुलामा देणाऱ्या एका कारखानदारांनी लिहिले आहे की आम्ल ठीक आहे, पुढच्या खेपेस पिवळ्या जास्त पाठवा. दुसऱ्या एकाने आम्ल नको, रिकाम्या बाटल्या बंड्यांसकट काय भावाने पडतील, अशी विचारणा केली. मालकांनी हे पत्र अर्जदारासमोर दोनदा मोठ्याने वाचले आणि चष्मा पुसला. ते हसत होते की कसे, हे अर्जदारास विचारवले नाही.

९. अर्जदाराने तीन वेळा अर्ज केले. आपल्या शाखेचे उत्तर असे की, बंड्या वगळण्यास शाखेची हरकत नाही. मात्र वगळल्यास पॅकिंग मान्य नमुन्याप्रमाणे राहणार नाही, आणि ते तसे नसल्यास वाहतुकीस शाखेची हरकत आहे. फेरचाचणीची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली आहे. हे उत्तर चुकीचे आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. नियमही चुकीचा नाही. आम्लाची बाटली चालत्या ट्रकमध्ये फुटली तर काय होते हे अर्जदाराने एकदा पाहिले आहे. त्या दिवशी आम्ल झिरपले त्या केबिनमध्ये ड्रायव्हरची एक जोडी चपला होती, आणि त्या चपला पुन्हा कोणाच्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत. ड्रायव्हर त्या घालायला न थांबता अनवाणी उडी मारून बाहेर पडला म्हणून त्याचे पाय वाचले. म्हणूनच सबुरींनी परवा जेव्हा सुचवले की, “साहेब, चार खोकी नुसती जाऊ द्या, मधल्या थरात कोण बघतंय,” तेव्हा अर्जदाराने नाही म्हटले. तो आवाज आपल्याच तोंडून आला याचे अर्जदारासही आश्चर्य वाटले, कारण घरी किंवा कारखान्यात नाही म्हणण्याचा त्याला फारसा सराव नाही.

१०. आता खरी अडचण. मुलीचे दिवस भरत आले आहेत. ती दूर राहते, एका दिवसाचा प्रवास आहे. पहिली खेप, आणि घरात मोठे कोणी नाही. पत्नीला तिच्याजवळ जायचे आहे. ती गेली तर बंड्या थांबतात, बंड्या थांबल्या तर ट्रक थांबतो, आणि ट्रक थांबला तर सात चुली. सातही जणी “काकू, तुम्ही जा हो, आमचं बघू आम्ही,” असे म्हणतात आणि मग उघडलेले जेवणाचे डबे तसेच झाकून ठेवतात. त्यामुळे पत्नी जाणे आठवड्या-आठवड्याने पुढे ढकलत आहे. गेल्या काही महिन्यांत तिच्या हातांनी शहरातल्या अर्ध्या मुलामा-कारखान्यांतल्या बाटल्या उबदार केल्या; नातवंडासाठी मात्र एक मोजा झालेला नाही. परवा मुलीने फोनवर विचारले, “आई, तू कधी येतेस?” पत्नीने फोन अर्जदाराच्या हातात दिला. अर्जदार फोनवर सुमारे एक मिनिट हवामानाविषयी बोलला.

११. सबब विनंती की, पुठ्ठ्याचे घट्ट कप्पे आणि कागदाच्या लगद्याचे साचे असलेले नवे खोके तयार आहे. कारखान्याच्या आवारात अर्जदाराने ते स्वतः शिडीवरून, कोपऱ्यावरच, पुन्हा पुन्हा पाडून पाहिले आहे (एकदा सोबत स्वतःही पडला, त्याची नोंद चाचणीत धरू नये). त्याच्या फेरचाचणीस लवकरात लवकरची तारीख द्यावी. कोणाची तारीख रद्द झाल्यास ती द्यावी. जेवणाच्या सुट्टीत उरकता आल्यास तीही चालेल. तसेच मोहोरबंद कपाटातील चार मूळ बंड्या नव्या खोक्यास मान्यता मिळताच परत कराव्यात. बाळाला त्या तोवर लहान होतील अशी भीती आहे. बाटली वाढत नाही, बाळ वाढते.

आपला नम्र, आणि यापुढे कोणाच्याही पिशवीत विचारल्याशिवाय हात न घालणारा,

(सही)
पॅकिंग विभागप्रमुख
दि. ९ डिसेंबर

सोबत : १) प्रमाणपत्राची प्रत. २) नव्या खोक्याचा आराखडा. ३) सबुरी यांनी विणलेले बदक, मतासाठी.

(खालील मजकूर हाताने लिहिला आहे, तरी ग्राह्य धरावा.)

हा अर्ज मालकांच्या टेबलावर असताना जावयांचा फोन आला. मुलगी झाली. दिवसांच्या थोडी आधीच आली, वजनाने कमी आहे, पण दोघी बऱ्या आहेत. पत्नीने हातातली बंडी अर्धी असताना सुयांवरून उतरवली, अर्जदाराच्या मांडीवर ठेवली आणि सकाळच्या गाडीने गेली. जाताना एवढेच म्हणाली, “बाटल्यांना सांगा, आजी गावाला गेलीय.”

आजचा ट्रक भरलेला आहे. वरची चार खोकी बंड्यांवाचून आहेत, आणि गिऱ्हाइकाला अपुरी खेप नको आहे. अर्जदाराने ट्रक फाटकात उभा केला आहे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आहे. हे मालकांना सांगायला तो गेला तेव्हा नोकरी जाणार असे धरूनच गेला होता. मालकांनी खिडकीतून ट्रककडे पाहिले. म्हणाले, “चाचणी होईपर्यंत त्या सात जणींकडून नव्या खोक्यांचे कप्पे कापून घेऊ. रोजंदारी चालू राहील. आणि तू इथे उभा राहून काय करणारेस? विणणार?”

तरी वर केलेली तातडीची विनंती कायम समजावी. तारीख कोणतीही द्यावी, अगदी सकाळी सातची द्यावी. फक्त हा आठवडा वगळून द्यावी. या आठवड्यात अर्जदार नातीकडे आहे.